काड आणि कागद

आत्याने आयुष्यभर साताऱ्यात दिवाणी वकिली केली. वाटणीचे दावे, बक्षीसपत्रं, बांधावरून फुटलेली डोकी. तिचा भाचा, म्हणजे माझा नवरा, आयर्लंडमध्ये लिमरिकच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी शेजारच्या क्लेअर काउंटीतल्या पबांमध्ये तिथल्या मंडळींबरोबर फिडल वाजवत बसतो. त्यांच्यातल्या एकाच्या लग्नात याला 'स्ट्रॉबॉय' व्हायचंय. आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा जेवताना हा विषय निघाला आणि पुढे कित्येक रात्री भांडी घासून झाली तरी तो संपेना. दोघांचं बोलणं इथे जुळवून मांडते आहे. पुनरुक्ती आणि आवाज चढलेले भाग गाळले आहेत.

आत्या: म्हणजे तू बिनबोलावता पाहुणा होणार, आणि त्यासाठी तुला बोलावणं आलंय.

भाचा: पूर्वी खरंच बोलावणं नसायचं. लग्नघरी जेवणं उरकून नाच सुरू झाला की दारावर थाप पडायची. बाहेर आठ-दहा जण. डोक्यावर ओटच्या काडाचा शंकूसारखा उंच टोप, तो थेट गळ्यापर्यंत उतरलेला, चेहऱ्याचा मागमूस नाही. खांद्यावर काडाची झूल, कमरेला काडाचा घागरा. त्यांच्यातला एक कॅप्टन. तो आत येऊन नवरीबरोबर नाचणार, बाकीचे जमलेल्या बायकांबरोबर. एखादं गाणं, घोटभर दारू, शुभेच्छा आणि चालते व्हायचे. बोलायचे फार कमी. बोललेच तर श्वास आत ओढत बोलायचे, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. मेयो, स्लायगो, लीट्रिम, क्लेअर, केरी, सगळ्या पश्चिम पट्ट्यात ही चाल होती.

आत्या: आणि दार उघडलं नाही तर?

भाचा: उघडायचेच. त्यांचं पाऊल शुभ मानत. अपमान केलाच तर काहीतरी खोडी काढून जायचे.

आत्या: मग ती खंडणीच झाली की. शुभशकुनाच्या नावाची.

भाचा: तुला प्रत्येक गोष्टीत दावा दिसतो, आत्या. चार पोरांनी काड गुंडाळून येऊन नाचायचं यात खंडणी कसली?

आत्या: ती पोरं कोण असायची, ते सांग आधी.

याचं उत्तर त्याच्याकडे तेव्हा नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत्याने आमच्या कपाटातून कॉनरॅड आरेन्सबर्गचं 'द आयरिश कंट्रीमन' काढलं. हा हार्वर्डचा मानववंशशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात क्लेअरच्या लहान शेतकऱ्यांमध्ये राहिला. १९३७ साली हे पुस्तक आलं आणि १९४०मध्ये सोलन किंबॉलसोबत लिहिलेलं 'फॅमिली अँड कम्युनिटी इन आयर्लंड'. आत्याने पुस्तक उघडलं ते थेट लग्न ठरवण्याच्या प्रकरणावर, आणि तिचा चेहरा असा उजळला, जणू जुन्या पक्षकाराची फाईल हाती लागली आहे.

आत्या: ऐक. मुलाच्या बापाने शेत मुलाच्या नावावर करायचं मनात घेतलं की मध्यस्थ मुलीच्या घरी जातो. व्हिस्कीची बाटली घेऊन. तिथे विचारणा होते की मुलीबरोबर फॉर्च्युन किती, म्हणजे हुंडा किती. मुलीचा बाप उलट विचारतो की जमीन किती, गायी किती पोसते, घर कसं आहे, रस्त्यापासून किती लांब. मग बाजाराच्या दिवशी गावात भेट, घासाघीस. आकडा जवळ आला की मुलीकडची माणसं येऊन शेत चालून बघतात. नुसतं बघत नाहीत, चालतात. बांधापासून बांधापर्यंत, गोठ्यात डोकावतात, जनावरं मोजतात.

भाचा: शेजाऱ्याच्या गायी दोन दिवसांसाठी आणून आपल्या कुरणात सोडल्याच्या गोष्टी आजही पबात सांगतात. आणि हसतात.

आत्या: हसू दे. पुढे बघ. सगळं जमलं की दोन्ही पक्ष वकिलाकडे. हे मला सगळ्यात आवडलं. तिथे कागद होतो. बाप शेत मुलाच्या नावावर करतो, पण स्वतःचं आणि बायकोचं काय ते लिहून घेऊन. चुलीमागची खोली त्यांची. एका गायीच्या चराईचा हक्क त्यांचा. बटाटे इतके, जळणाची टर्फ इतकी, आणि रविवारी चर्चला जाताना गाडीत जागा. गाडीतली जागा, अरे! हे लिहून घेणारा वकील माझ्या जातीचा.

भाचा: प्रेमाचा पत्ता नाही त्यात कुठे.

आत्या: प्रेमाचा नसेल, पण शहाणपणाचा आहे. माझ्याकडे किती म्हातारे आले ठाऊक आहे? घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने देऊन टाकलं आणि वर्षभरात सुनेने पडवीत खाट टाकून दिली. आपल्याकडे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला, तेव्हा कुठे असं बक्षीसपत्र रद्द करून मागायची सोय झाली. क्लेअरच्या अडाणी म्हाताऱ्याला ते त्याआधी पाऊणशे वर्षं कळत होतं.

भाचा: म्हणजे तू या पद्धतीच्या बाजूने? मला वाटलं तू हुंडा म्हटल्यावर पेटशील.

आत्या: पेटणारच आहे. हुंडा कुणाच्या हातात पडतो बघ. नवरीच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. नवऱ्याच्या बापाच्या. आणि तो त्याचं काय करतो? आपल्या मुलीला उजवतो, किंवा धाकट्या मुलाचं अमेरिकेचं तिकीट काढतो. तोच पैसा या घरातून त्या घरात, तिथून तिसऱ्या घरात. पोरी फक्त त्याच्याबरोबर फिरतात. शिवाय मूल झालं नाही तर सुनेला माहेरी परत पाठवायचीही सोय. कॅथलिक देश, घटस्फोटाचं नाव काढायचं नाही, पण याला लोक 'कंट्री डिव्होर्स' म्हणत.

हे ऐकून माझा नवरा जरा गप्प झाला. पण त्याच्याकडे दुसरी बाजू होती आणि ती तो फिडलवाल्यांकडून ऐकून आला होता.

भाचा: तू कागद वाचतेस, म्हणून तुला कागद दिसतो. लग्न कागदापाशी संपत नव्हतं. विल्यम कार्लटनने १८३०मध्ये 'शेन फाध्स वेडिंग' ही गोष्ट लिहिली, त्यात बाटलीची शर्यत आहे. चर्चमधून परतताना तरणे घोडेस्वार खड्ड्यातून, कुंपणावरून घोडे फेकत सुटतात. जो आधी पोचेल त्याला व्हिस्कीची बाटली. ती घेऊन तो उलटा फिरून नवरा-नवरीला गाठतो आणि त्यांच्या नावाने पहिला घोट घेतो. मग नवरी सासरी यायची तेव्हाची वरात, तिला 'हॉलिंग होम' म्हणत. वाटेवर शेकोट्या. उंबरठ्यावर सासू ओटची भाकरी नवरीच्या डोक्यावर मोडायची, घरात बरकत राहावी म्हणून. याचा कुठल्या कागदात उल्लेख आहे?

आत्या: ओटची भाकरी मोडणारी सासू दुसऱ्या दिवशी चुलीमागच्या खोलीत जाणार होती ना? मग ती भाकरी नव्हे, ताबापावती.

भाचा: बघ! बघ!

आत्या: बरं, मोडू दे भाकरी. पण ही लग्नं व्हायची कधी? तेही वाच.

आता जी गोष्ट येते ती या सगळ्या विषयात मला सर्वांत मजेची वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, चर्च लग्नं लावत नसे. मेमध्ये लग्न अशुभ. पुढे शेतीची कामं. त्यामुळे खेड्यातली लग्नं नाताळानंतरच्या एपिफनीच्या सणापासून राखेच्या बुधवारपर्यंतच्या, म्हणजे लेंट लागेपर्यंतच्या, चार-दोन आठवड्यांत एकावर एक कोसळायची, आणि सगळ्यात मोठी गर्दी राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी. तो मंगळवार चुकला की वर्ष चुकलं. आणि गाव ते चुकू देत नसे. लेंटच्या पहिल्या रविवारी जे अजून बिनलग्नाचे, ते चर्चमधून निघाले की पोरं त्यांच्या कोटावर मागून खडूच्या रेघा ओढत. त्या रविवारचं नावच खडूचा रविवार. काही भागांत सोमवारी त्यांच्यावर मीठ टाकत, पुढच्या वर्षापर्यंत टिकावेत म्हणून. केरी आणि कॉर्ककडे याहून वरचढ. केरीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्केलिग मायकेल नावाचा सुळका आहे, त्यावर प्राचीन मठाचे अवशेष. तिथे जुनं पंचांग चालतं, त्यामुळे लेंट उशिरा लागतो, अशी समजूत. तेव्हा मंगळवार हुकलेल्यांनी बोटीने स्केलिगला जावं! मग गावातला कोणी निनावी कवी 'स्केलिगच्या बोटीतल्या प्रवाशांची यादी' पद्यात लिहायचा आणि रातोरात भिंतींवर लागायची. त्यात गावातल्या सगळ्या वयस्क ब्रह्मचाऱ्यांच्या आणि कुमारिकांच्या न शोभणाऱ्या जोड्या लावलेल्या.

भाचा: हे क्रूर आहे, मान्य. पण त्यात एक गाव होतं. आज अविवाहित माणसाकडे कुणाचं लक्षही नसतं.

आत्या: लक्ष नसणं हे सुख आहे, हे पन्नाशीतल्या कुमारिकेला विचार. आणि हे खडू कुणाच्या पाठीवर? ज्याचं लग्न त्याच्या हातातच नाही त्याच्या! बापाने जमीन सोडली तर मुलाचं लग्न. बाप पंच्याहत्तरीचा होईपर्यंत सोडत नाही. तोवर पंचेचाळीस वर्षांचा मुलगा गावात 'बॉय'. १९२६च्या जनगणनेत पंचवीस ते तीस वयाच्या पुरुषांत सुमारे ८० टक्के बिनलग्नाचे होते. जगात असा देश नव्हता.

भाचा: ते दुष्काळामुळे. १८४५च्या आधी असं नव्हतं. तेव्हा गरीब मजूर विशीत लग्न करायचे, बापाच्या तुकड्यातला तुकडा घेऊन बटाटे लावायचे आणि झोपडी उभी करायचे. बटाट्यावर करपा आला आणि तेच आधी मेले. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तितकीच देश सोडून गेली. जे उरले त्यांनी धडा घेतला की जमीन तोडायची नाही. एकाच मुलाला सगळी, एकाच मुलीला फॉर्च्युन. बाकीच्यांनी आपली वाट बघायची.

आत्या: मग तूच सांगितलंस की. लग्न म्हणजे एका घरातून एकाची निवड आणि पाचांची हकालपट्टी.

भाचा: हो. आणि म्हणूनच तुझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. काडाच्या आत कोण असायचं? तीच पाच.

इथे आत्याने चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा समोरच्या वकिलाने काहीतरी बरं म्हटलेलं असतं.

भाचा: विचार कर. लग्नाला आमंत्रण कुणाला? नात्यातल्यांना, आणि तोलामोलाच्या शेतकऱ्यांना. मग बिनबोलावता कोण येणार? शेजारच्या वस्तीवरची तरणी पोरं. धाकटे भाऊ, गडी, ज्यांच्या नावावर कधीच जमीन होणार नाही, म्हणजे ज्यांचं लग्न कधीच होणार नाही. त्यातल्या एखाद्याच्या मनात ती नवरी असेलही. गावच्या हिशोबाने तो बाद झाला. पण त्या रात्री गाव त्याला दार उघडून देतं, चेहरा न विचारता, आणि तो तिच्याबरोबर एक नाच नाचतो. नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर. तू खंडणी म्हणालीस. मी म्हणतो ती नुकसानभरपाई होती.

आत्या: पुरावा?

भाचा: पुरावा कुठून आणू? ते चेहरे झाकून आले होते.

आत्या: हं. अनुमान आहे, पण पटण्यासारखं. मी न्यायाधीश असते तर नोंदवून घेतलं असतं. आता माझा उलट प्रश्न. ही झाली बाद झालेल्या पुरुषांची सोय. एका घरात एका मुलीला फॉर्च्युन. बाकीच्या मुलींनी काय गुंडाळून कुणाच्या लग्नात नाचायचं?

भाचा: त्या बॉस्टनला गेल्या. न्यूयॉर्कला गेल्या.

आत्या: एकट्या?

भाचा: एकट्या. युरोपातल्या बाकी देशांतून बाया गेल्या त्या बहुतेक नवऱ्याबरोबर किंवा बापाबरोबर. आयर्लंडमधून दुष्काळानंतरच्या काळात तरण्या, बिनलग्नाच्या मुली पुरुषांच्या बरोबरीने गेल्या. लोकांच्या घरी स्वैपाकधुणी केली आणि तिथून पैसे पाठवले. त्या पैशावर मागे राहिलेल्या बहिणींच्या फॉर्च्युन झाल्या.

आत्या: म्हणजे जिला हुंडा मिळाला नाही तिने दुसरीचा भरला. आणि या भरपाईला नाच नाही, टोप नाही, काही नाही. तुझ्या चालीरीतींच्या संग्रहालयात तिची काय वस्तू ठेवणार?

हा प्रश्न वाजवी आहे. मेयोमध्ये कॅसलबारजवळ टर्लो पार्कला आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाची शाखा आहे, २००१पासून. तिथे काडाचे पोशाख काचेत उभे आहेत. आम्ही आत्याला तिथे नेलं. ती त्या पोशाखांसमोर बराच वेळ उभी राहिली आणि विणीची तारीफ केली. तो भाग मी गाळते, कारण तेवढ्यापुरते दोघे भांडले नाहीत.

भांडण पुन्हा पेटलं ते एका सिनेमावरून. जॉन फोर्डचा 'द क्वाएट मॅन', १९५२चा. मेयोतल्या काँग गावात त्याचं चित्रीकरण झालं. अमेरिकेहून परतलेला शॉन थॉर्नटन मेरी केट डॅनहरशी लग्न करतो. तिचा भाऊ तिची फॉर्च्युन देत नाही. शॉनला पैशाची पर्वा नाही. मेरी केटला आहे. ती मिळेपर्यंत ती त्याला खऱ्या अर्थाने नवरा मानायला तयार नाही.

भाचा: मला आधी ती बाई हट्टी वाटायची. नवरा म्हणतोय पैसा नको, मग हिला कशाला हवा?

आत्या: नवऱ्याला नकोच आहे तर बोलायचं कारण नाही त्याला. पैसा तिचा. तिच्या आईचं सामान, तिची कमाई. ते घेतल्याशिवाय ती त्या घरात आली तर ती बायको नाही, मोलकरीण. ती स्वतः तसं म्हणत नसेल, पण अर्थ तोच. हुंड्याला मी आयुष्यभर विरोध केला, पण हिच्या बाजूने वकीलपत्र घेईन.

भाचा: आणि शेवटी मिळालेल्या नोटा ते दोघे मळणीयंत्राच्या भट्टीत जाळतात!

आत्या: जाळू देत. वसूल झाल्यावर जाळणं आणि न मिळालेल्यावर उदार होणं, यात फरक आहे.

मी आत्याच्या बाजूने. पण सिनेमा हॉलिवूडचा, तो गोड होणारच. त्यानंतर सात वर्षांनी, १९५९मध्ये, केरीतल्या लिस्टोवेल गावच्या नाटकवाल्यांनी जॉन बी. कीन यांचं 'साइव्ह' रंगमंचावर आणलं. कीन स्वतः त्याच गावचे. त्यात कोवळ्या पोरीचं लग्न पैशासाठी म्हाताऱ्या शेतकऱ्याशी जुळवायला बघणारा मध्यस्थ आहे, आणि त्याची बडबड इतकी मजेदार आहे की आपण हसतो आणि हसल्याची लाज वाटते. 'संगीत शारदा' बघितलेल्या आत्याला ते नाटक समजावून सांगावं लागलं नाही.

भाचा: बरं, मी एक कबूल करतो. मला यातलं काड हवंय, कागद नकोय. शर्यत हवी, शेकोट्या हव्यात, नाच हवा. जमीन चालून बघणं गेलं ते बरं झालं. यात चूक काय?

आत्या: चूक काही नाही. फक्त मग तू स्वतः म्हणालास ते राहत नाही. बाद झालेल्यांची भरपाई म्हणालास ना? तू कशातून बाद झालायस? तुझं लग्न झालंय, घराचे हप्ते चालू आहेत. काडाच्या आत तू कोण?

भाचा: वाजवणारा.

आत्या: ते ठीक. पण आता ही मंडळी भाड्यानेही मिळतात म्हणे?

मिळतात. हॉटेलातल्या लग्नात रात्री अमुक वाजता स्ट्रॉबॉईज येणार हे आधीच ठरलेलं असतं आणि फोटोग्राफर दाराशी तयार असतो. आत्या याला हसली, पण यात भाच्याची बाजू अगदीच लंगडी नाही. तो ज्या मंडळींत वाजवतो ती भाड्याची नाहीत. आणि ही चाल सुखासुखी कमी झाली नाही. १९३५मध्ये सरकारने सार्वजनिक नाचघरांचा कायदा केला, परवान्याशिवाय नाच बंद. रोख होता नाचघरांवर, पण पाद्री आणि पोलिसांनी तो घराघरांतल्या नाचांवरही चालवला. स्वैपाकघरात फिडल घेऊन जमणारी माणसं त्यामुळे पांगली. मग लोक शहरांत गेले, लग्नं हॉटेलांत गेली. ओटची शेती कमी झाली, कापणी कम्बाईनने होऊ लागली आणि त्यातून निघणारं काड तुटकं. टोप विणायला लांब काड लागतं. त्यासाठी कुणीतरी मुद्दाम शेताचा कोपरा राखून हाताने कापून ठेवतो. आमच्या घरी मागच्या खोलीत तशी एक पेंढी आहे, आणि ती घरभर सांडते.

भाचा: चाल काय खाऊन जगते हे आपण ठरवायचं नाही, आत्या. लिस्डूनवार्नाचंच घे. क्लेअरमधलं गंधकाच्या पाण्याच्या झऱ्यांचं गाव. पीक निघालं की शेतकरी सप्टेंबरात तिथे आराम करायला यायचे आणि तिथेच सोयरिकी जमायच्या. आज त्याच महिन्यात लग्नं जुळवण्याचा महोत्सव भरतो, हजारो लोक येतात, बहुतेक नाचायला आणि प्यायला. पण एखादा डोंगरातला पन्नाशीचा शेतकरी इस्त्रीचा सदरा घालून खरंच येतो. त्याला तिथे खडू लागत नाही.

आत्या: हे मात्र मला आवडलं.

भाचा: आणि प्रागचं बाळ घे. लग्नाच्या आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती बाहेर झुडपाखाली ठेवतात, पाऊस येऊ नये म्हणून. मान तुटलेली असेल तर अधिक गुणकारी. मुद्दाम तोडायची नाही, आपोआप तुटलेली हवी.

आत्या: या देशात पावसाशी कुणी असा व्यवहार केला आणि तो जिंकला?

भाचा: कोणी जिंकलेलं मला माहीत नाही. तरी ठेवतात.

एका रात्री आयर्लंडच्या जुन्या ब्रेहन कायद्यांवरही बोलणं गेलं. भाच्याने हौसेने टेलटाउनची गोष्ट काढली. मीथ काउंटीतल्या त्या जागी पूर्वी जोडपी वर्षभराच्या बोलीवर लग्न करत आणि पटलं नाही तर पाठीला पाठ लावून एक उत्तरेला, एक दक्षिणेला चालू लागत, अशी आठवण जॉन ओडोनोव्हनने १८३६मध्ये तिथल्या लोकांकडून टिपली. हल्ली हातांना रेशमी दोरी बांधून लग्न लावणारे तिचा हवाला देतात. आत्याला दोरीत रस नव्हता. इसवी सन ७००च्या सुमाराच्या 'कॉइन लानव्ना' या संहितेत जोडप्यांचे प्रकार कुणाची मालमत्ता किती यावरून पाडले आहेत आणि वेगळं होताना दूध, लोकर, मांस कुणाला किती हे लिहिलं आहे, हे कळल्यावर मात्र ती उठून बसली. बाईच्या मालमत्तेवर पुरुष राहायला आला तर काय, याचाही विचार त्यात आहे. मग मधल्या बाराशे वर्षांत काय झालं, असं तिने विचारलं. १९३७च्या राज्यघटनेने घटस्फोटच बंद केला. तो सार्वमताने १९९५मध्ये परत आला, तोही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने.

आत्या: आणि बायकोचा वारसा?

भाचा: १९६५चा वारसा कायदा. त्याआधी शेतकरी मृत्युपत्रात बायकोला शून्य ठेवून मरू शकत होता.

आत्या: शून्य? मृत्युपत्राने?

भाचा: शून्य. १९६५नंतर मुलं असतील तर तिचा एक तृतीयांश पक्का, नसतील तर निम्मा.

आत्या: म्हणजे जमीन चालून बघणारा तिचा बाप गायी मोजत होता ते बरोबरच करत होता. कायदा तिच्यामागे नव्हता. तिच्यामागे एक म्हातारा, एक बाटली आणि वकिलाचा कागद. बिचाऱ्याने सासू-सासऱ्यांच्या बटाट्यांपर्यंत सगळं लिहून दिलं, आणि पोरीच्या नावावर काही लिहून घेतलं का? नाही. तिथे तो चुकला.

भाचा: तू शेवटी कागदच सुधारणार. काडाबद्दल काही म्हणणार नाहीस.

आत्या: काड छान आहे रे. घाल, नाच. पण मला तुझ्या मित्राचं सांग. त्याचं वय काय?

भाचा: चौतीस.

आत्या: शेत कुणाच्या नावावर?

भाचा: वडिलांच्या. पण आता होतंय त्याच्या. पस्तिशीच्या आत असलेल्या, शेतीचं शिक्षण घेतलेल्या वारसाला जमीन देताना मुद्रांक शुल्क माफ असतं इथे. म्हणून त्याचे वडील घाई करताहेत.

आत्या: बघ! मंगळवार गेला आणि मुद्रांक शुल्क आलं. म्हाताऱ्याच्या हातून जमीन सोडवायला सरकारलाच मध्यस्थ व्हावं लागलं. आणि नवरीचं नाव?

भाचा: कशावर?

आत्या: सात-बारावर म्हण, तुमच्याकडे जे काय असेल त्यावर.

भाचा: ते मी कसं विचारणार त्याला? मी नाचायला चाललोय, आत्या.

आत्या: टोप घालून जाणार ना? चेहरा दिसत नाही, श्वास ओढून बोलायचं, आवाज ओळखू येत नाही. मग विचार की बिनधास्त.